वरून दिसलेले आप्पा

सांगली, ४ मार्च

दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे फाडणार असशील तर आधी एवढं एक वाक्य वाच. आप्पा जिवंत आहेत असं मला वाटतंय.

आता खाली बस. मीही बसूनच लिहितेय. फोनच केला असता, पण तू माझा नंबर बंद करून ठेवलायस आणि तुझ्या त्या मिलिटरीच्या चौकीवर रेंज तरी कुठे असते. फलटणच्या स्मशानात मी तुला जे बोलले ते सगळ्यांनी ऐकलं. मी पोहोचायच्या आत तू अग्नी दिलास, मला तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस. आणि मी म्हणाले, मेंढरं विका मेंढरं विका म्हणून तू आप्पांच्या मागे लागलास, म्हणून त्यांनी मेंढरं मिळेल त्या भावात फुंकून कालव्यात जीव दिला. त्यावर आपण नंतर हवं तेवढं भांडू. आज फक्त ऐक.

माझं काम काय हे तू कधी विचारलं नाहीस. मी कॉम्प्युटरवर बसून चित्रं रंगवते असं तू गावात सांगतोस, ते माझ्या कानावर आलंय. तर ऐक, मी काय रंगवते ते. उपग्रह वरून रानाचे फोटो काढतो. एकाच रानाचा जुना फोटो आणि नवा फोटो आम्ही एका मॉडेलला देतो. मॉडेल म्हणजे हजारो उदाहरणं दाखवून शिकवलेला प्रोग्राम. दोन फोटोंत जे बदललं असेल त्यावर तो लाल रंग भरतो. सातारा आणि सांगलीत नवी शेततळी आणि वीटभट्ट्या किती झाल्या, हे आम्हाला मोजून द्यायचंय. पण मॉडेल हुशार असलं तरी आपल्या मुलखातलं नाही. ऊस तुटला की लाल, पाचट पेटवलं की लाल, ढगाची सावली पडली तरी लाल. मग माझ्यासारख्यांनी बसून बघायचं, लाल खरं की खोटं.

आज दुपारी जेवण करून आले तर शेजारच्या टेबलावरचा जयराज म्हणाला, "समीक्षा, हे काय असेल गं? शेततळं म्हणावं तर मधली माती कुणी का ठेवेल?" फलटणच्या बाजूचं, ऊस तुटून गेलेलं रान होतं. त्यात आठ लाल चौकोन एकमेकांना चिकटून गोल फिरले होते. मधला नववा कोरा होता. लाल काढून खालचा फोटो बघितला. आठही चौकोनांत माती काळी पडलेली, मधे भुरी.

मी त्याच्या स्क्रीनसमोर धप्पकन बसले. जयराजला वाटलं मला चक्कर आली.

मेंढरं बसवल्याची खूण आहे ती, दादा. वाघरीचं जाळं लावून रात्री मेंढरं कोंडली की लेंड्यांनी, मुतानं माती काळी होते. दुसऱ्या दिवशी जाळं शेजारी सरकवायचं. सगळे ते ओळीनं सरकवतात. गोल कोण सरकवतं? आपल्या नाथाजीचुलत्यांना बांधावर पान लागलं, साप चावून ते गेले, तेव्हापासून बांधावर झोपायचं नाही, बिऱ्हाड रानाच्या मधोमध उतरवायचं आणि रान सोडेपर्यंत हलवायचं नाही, हा हट्ट कुणाचा? तूच त्याला आप्पांचा कॅरम बोर्ड म्हणायचास.

आता तारीख बघ. दहा जानेवारीच्या फोटोत ते रान कोरं आहे. एकतीस जानेवारीच्या फोटोत बोर्ड आहे. आप्पांना आपण सहा जानेवारीला जाळलं.

मी वेडी झाले नाही. गेल्या वर्षीचे, त्याच्या आधीच्या वर्षीचे फोटो काढून बघितले. कराडच्या बाजूला, आप्पांच्या नेहमीच्या रानात, दोन्ही वर्षी तोच बोर्ड आहे. दुसऱ्या कुणाचा म्हणून एक सापडला नाही.

दादा, मग आपण कुणाला जाळलं?

समी


सांगली, १२ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र अजून वाटेत असेल किंवा तू फाडलं असशील. मी लिहितेच आहे, कारण इथे हे बोलायला कुणी नाही. जयराजला सांगितलं असतं तर त्यानं मला सुट्टी घ्यायला लावली असती.

आणखी दोन बोर्ड सापडले. फेब्रुवारीच्या मध्यात खंडाळ्याजवळ एक, नंतर खाली परत फलटणच्या वाटेला एक. म्हणजे ते वर गेले आणि आता खाली येतायत. आपल्याकडचं कुणी त्या अंगाला मेंढरं नेत नाही, म्हणून कुणाला दिसले नाहीत. भांडून निघालेला माणूस ओळखीच्या वाटेनं कशाला जाईल? आणि फोन तर घरात खुंटीलाच लटकवून गेले होते.

मग सोमवारी इथे घोटाळा झाला. मानसिंग सर आमचे प्रमुख. त्यांनी सगळ्यांना सांगितलं की हे काळे चौकोन मेंढरांचे आहेत, त्यांना 'बदल नाही' अशी खूण करा, मॉडेलला शिकू दे. काम म्हणून ते बरोबरच होतं. मी माझ्या वाट्याचे तसेच दाबून ठेवले, पण जयराजनं शेकड्यानं खुणा केल्या. काल मॉडेलचं नवं रूप चाललं. सर खूश झाले, चुका निम्म्यावर आल्या. मी फलटणचं रान उघडून बघितलं. कोरं. खंडाळा कोरं. मॉडेल शहाणं झालं आणि आप्पा दिसेनासे झाले. दुसऱ्यांदा, दादा. मी स्वच्छतागृहात जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले.

आता मी लाल रंगावर विसंबत नाही. मूळ फोटो उघडून डोळ्यांनी बघत बसते. रान रान बघते.

रविवारी घरी जाऊन आले. आईला काही सांगितलं नाही. खरं ठरलं नाही तर तिला दुसऱ्यांदा तेच भोगावं लागेल. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती यंदा आप्पांबरोबर गेली नव्हती, त्याचाच जप अजून चालू आहे. "मी संगं आसते तर ही वेळ आली नस्ती." तिच्या कपाळाकडे बघवत नाही.

शेजारच्या अंबूकाकू होत्या तिथे. त्या रोज सकाळी येतात, आईला बळं चार घास खायला घालतात. तेराव्यापासून एक दिवस चुकवला नाही. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि तोंडात नवऱ्याच्या, गुंडाकाकांच्या नावानं शिव्या. गुंडाकाका दसऱ्यानंतर कामाला म्हणून जे गेले ते अजून आले नाहीत, नेहमीसारखे. काकू आईला म्हणत होत्या, "आक्का, तुजा गेला ते ठावं तरी हाय. माजा मेला कुठं उलथलाय कुणाला दखल. कर्नाटकात दुसरं घर केलं आसंल त्यानं." आई पहिल्यांदाच हसली. मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले.

आता एक विचारते, आणि रागावू नकोस. कालव्यातून काढलेल्या त्या माणसाचा चेहरा तुला ओळखू आला होता का? मला गावात सांगितलं की चेहरा राहिलाच नव्हता. मग घोंगडं. आपल्याच मेंढरांची लोकर, आईनं कातलेली, काठाला दोन बोटं तांबडी पट्टी. तू ते हातात घेतलंस आणि म्हणालास, ही आपली. आपल्यात कुणीही तेच म्हटलं असतं. माणूस ओळखायला चुकेल, पण आपल्या कळपाची लोकर ओळखायला धनगर चुकत नाही. मीही तेच म्हटलं असतं. म्हणूनच मला भीती वाटतेय, की लोकर ओळखण्यात तू चुकलाच नव्हतास.

समी


रहिमतपूर, २२ मार्च

दादा,

तुझं पत्र परवा मिळालं. "मॉडेल-बिडेल मला सांगू नकोस. मी माझ्या हातानं अग्नी दिलाय. मला जगायचंय, पुन्हा लिहू नकोस." तीन ओळी. त्यातली मधली ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

मी आप्पांच्या शेजारी बसून लिहितेय. ते चहा पितायत. किटलीच्या झाकणातून, आणि फुर्र आवाज करत.

नव्या फोटोत रहिमतपूरच्या खाली एका रानात बोर्ड दिसला. आठ पुरे झाले नव्हते, पाचच होते. म्हणजे बिऱ्हाड अजून हललं नव्हतं. सुट्टी न टाकताच निघाले. रहिमतपुरात उतरून रिक्षा केली आणि फोटोतला ओढा, विहीर, चिंचेचं झाड बघत बघत रान गाठलं. मालक बांधावरच भेटले, हंबीरराव म्हणून. मी विचारलं, इथे मेंढरं कुणाची बसलीत?

"आकारामची की. त्यो बघा, मदी बसलाय. मानूस लय चांगला, पर इचित्र. मधलं रान तसंच सोडतोय. म्या म्हणलं, आवं तिथंबी बसवा की मेंढरं. तर म्हणतो, मग म्या कुठं बसू?"

मी बांधावरच थांबले. मेलेल्या बापाला हाक कशी मारायची असते, सांग बरं. एका कोकराचा पाय मांडीवर घेऊन ते काटा काढत होते. घोडं शेजारी उभं होतं. आपलं कुत्रं भुंकत आलं आणि माझा वास घेऊन शेपटी हलवायला लागलं, तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"समे? तू हितं कशी? आयला बरं हाय न्हवं?"

मी जाऊन त्यांचा हात धरला. गरम होता. खरखरीत होता. मी तो सोडलाच नाही. त्यांना वाटलं आईचंच काही बरंवाईट झालं, ते घाबरून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी मी एका दमात सांगून टाकलं, कालवा, फलटण, तू, अग्नी, सगळं. मऊ करून सांगायला जमलंच नाही.

ते आधी हसले. "जाळलं? मला?"

"व्हय आप्पा."

"दहावं घातलं का?"

"घातलं."

"कावळा शिवला?"

"लगेच."

"त्याला काय ठावं," ते म्हणाले आणि पुन्हा हसले. मग हसू कमी कमी होत गेलं. "दिग्यानं डोईचं क्यास काढलं?"

"काढलं."

"रडला का?"

मी म्हटलं, रडला. तू रडलास की नाही मला माहीत नाही दादा, मी तुझ्याकडे बघितलंच नव्हतं. त्यांनी कोकरू खाली सोडलं आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. "येडं हाय. म्या काय रागानं मरनार हुतो व्हय? मेंढरं इकत बी न्हाई आन् मरत बी न्हाई."

मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पर मला वळखलं कशावरनं?"

"घोंगड्यावरनं."

त्यांचा हात आपल्या मोकळ्या खांद्यावर गेला. मी विचारलं आप्पा काय झालं, तर माझ्याकडे न बघता मेंढरांकडे बघत म्हणाले, "घोंगडं म्या गुंडाला दिलं हुतं."

गुंडाकाका, दादा. अंबूकाकूंचे गुंडाकाका.

पौषात फलटणजवळ ते आप्पांना सापडले. कुठल्याशा वीटभट्टीवर कामाला होते, अंगात ताप, वर नुसता सदरा. दोन दिवस आप्पांनी त्यांना बिऱ्हाडात निजवलं, दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी ते घरी जातो म्हणून हट्टाला पेटले. म्हणाले, अंबू शिव्या घालत असंल, आता जातोच. आप्पांनी स्वतःच्या खांद्यावरचं घोंगडं काढून त्यांना पांघरलं आणि कालव्याच्या कडेकडेनं एस.टी. गाठायला सांगितलं. त्या रात्री थंडी लई होती म्हणे. पुढं ते कसे पडले, चक्कर आली की पाय घसरला, ते आता कोण सांगणार. आप्पांना वाटत होतं ते कधीच घरी पोचले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मेंढरं वरच्या अंगाला काढली आणि महिनाअखेरीला त्याच बाजूच्या दुसऱ्या रानात परत आणून बसवली. त्यांच्या कानावर काहीच आलं नाही.

आप्पा आता नुसते एकच म्हणतायत. "म्याच धाडला त्याला. म्याच धाडला." मी म्हटलं, आजारी माणसाला घरी धाडलं, यात तुमचं काय चुकलं? ते ऐकत नाहीत.

आणि आणखी एक. तुला हे सांगायलाच हवं, नाहीतर मी रात्रभर झोपणार नाही. आप्पांनी गुंडाकाकांजवळ निरोप दिला होता. एक आईला, पावसाच्या आत येतो म्हणून. दुसरा तुला. मी त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतला, जसाच्या तसा लिहिते. "दिग्याला सांग, बाप रुसून गेलाय पर माज्या मनात काय न्हाई. रजेवर आला की माज्याकडं ये म्हणावं, मेंढरं काय करायची ते दोघं मिळून ठरवू."

अडीच महिने तू जे घेऊन जगतोयस ते खाली ठेव, दादा. तू त्यांना मारलं नाहीस. तसं मी म्हणाले होते, आणि ते खोटं होतं.

समी


गावाकडून, २६ मार्च

दादा,

तुझ्या युनिटच्या ऑफिसात मी फोन करून निरोप ठेवलाय. तरी हे पत्र पाठवते, कारण निरोपात फक्त "वडील सुखरूप, ताबडतोब घरी या" एवढंच सांगता आलं. बाकीचं कुणा तिसऱ्याच्या तोंडून तुला कळू नये.

हंबीररावांनी टेम्पो करून दिला. मेंढरं, घोडं, कुत्रं आणि आम्ही दोघं असे परवा संध्याकाळी घरी पोचलो. मी आधी आत जाऊन आईला तयार करणार होते, पण कुत्रं माझ्याआधी घुसलं. आई दारात आली. तिनं आप्पांच्या तोंडाकडे नाही, आधी पायांकडे बघितलं. पाय सरळ आहेत याची खात्री झाली तेव्हा तिचा आवाज फुटला. "फोन खुंटीला ठिवून जायाला काय झालं हुतं तुमास्नी?"

एवढं बोलली आणि पदर कपाळावरून पार डोळ्यांपर्यंत ओढून आत पळाली. गुडघा दुखतोय ते विसरून पळाली. आपलं मोकळं कपाळ त्यांना दिसू नये म्हणून. आप्पा दारातच उभे राहिले, आणि मी आप्पांना आयुष्यात पहिल्यांदा हुंदके देताना ऐकलं.

गाव लोटलं. कुणी हात लावून बघतंय, कुणी बिरोबाचा भंडारा लावतंय. त्या गर्दीतून अंबूकाकू वाट काढत आल्या, हातात स्वतःचा कुंकवाचा करंडा. मला वाटलं त्यांना थांबवावं. पण काय म्हणून थांबवणार होते, सांग. त्यांनी आईला ओढून उजेडात बसवलं, पदर मागे सारला आणि अंगठ्यानं दाबून हे एवढं कुंकू लावलं. आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढून आईच्या हातात चढवल्या. मग आईला मिठी मारून त्याच रडायला लागल्या. आईपेक्षा जास्त त्या रडल्या, दादा.

जाताना त्यांनी आप्पांना विचारलं, "आवं दाजी, एवढा मुलूख फिरून आलाव, आमचं ध्यान कुठं दिसलं का?"

आप्पांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ते तांब्यात बघत राहिले. म्हणाले, "दमलोय अंबू. उद्या बोलू."

"बोला की, घाई कसली," त्या म्हणाल्या. "तुमी मरून बी आलाव. मग माजा तर जिताच हाय, येतोय कुठं जातोय. दिग्या रजेवर आला की त्यालाच धाडते हुडकायला. मिलिटरीतला हाय, बरोबर काढंल शोधून."

त्या गेल्यावर आप्पांनी आईला सांगितलं. आई बांगड्यांवर हात ठेवून बसली. नंतर म्हणाली, "माजं तिच्याच हातानं लावून घेतलं म्या," आणि कुंकू पुसायला हात वर नेला. मी तो धरला. पुसलं तर सकाळी काकू विचारणार.

आप्पा म्हणतात मी सांगतो, मीच त्याला त्या वाटेला लावला. आई म्हणते बाईला बाईनं सांगावं. कालपासून आमचं तिघांचं यावरून चाललंय आणि तिघांपैकी कुणाचाही पाय त्यांच्या दाराकडे वळत नाही. मला विचारशील तर सांगणं तुझ्याकडे आहे. त्यांच्या माणसाला खांदा तू दिलास, अग्नी तू दिलास, त्यांच्यासाठी केस तू काढलेस, अस्थी कराडला नदीत तू सोडल्यास. तू लेकानं करायचं सगळं केलंस, फक्त ते कुणासाठी ते आपल्याला माहीत नव्हतं. काकूंना मूलबाळ नाही. त्यांचा माणूस कुठेतरी बेवारस पडला नाही, त्याला लेकाच्या हातचा अग्नी मिळाला, हे त्यांना सांगू शकेल असा तू एकटाच आहेस. आणि घरीच यायला निघाले होते, दुसरीकडे नव्हे, हेही सांग. ते आधी सांग.

रजा मिळाली की मला फोन कर, मी सांगलीहून स्टँडवर येईन, दोघं मिळूनच गावात शिरू. लवकर ये. काकू रोज सकाळी येतात, आईच्या समोर बसतात आणि तिच्या कपाळाकडे बघून हसतात.

तुझी
समी